दोन क्ष अधिक य बरोबर शेजारी

हॉलच्या फरशीवर आलेख काढायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचं श्रेय घ्यायला आता इमारतीत दुसरं कोणी पुढे येत नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई म्हणतात, आम्ही फक्त दोरा दिला. समोरचे काका म्हणतात, आम्ही फक्त नियम सांगितला. आणि इमारत समितीचे सचिव तर माझा अर्ज अजून प्रलंबित आहे एवढंच म्हणतात आणि जिना उतरायला लागतात.

झालं असं, की शुक्रवारी आमची लेक शाळेतून आली ती तोंड पाडून. गणिताच्या चाचणीत ती नापास झाली होती. धडा होता दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. सोमवारी फेरचाचणी होती, आणि तीही गेली तर पुढच्या वर्षी गणित सोडून कुठलातरी हलका विषय घ्यायचा असा शाळेचा निरोप होता. आता आमच्या लेकीला मोठेपणी पूल बांधायचे आहेत. चौथीत असताना तिने काड्यापेटीच्या काड्यांचा एक पूल बांधला होता, तो आजही टीव्हीवर आहे आणि त्यावर रिमोट ठेवला तरी वाकत नाही. गणित सोडूनही पूल बांधता येत असतील, पण त्यावरून मग आपण जाऊ नये. त्यामुळे घरात सुतक असल्यासारखं झालं.

गणिताच्या बाईंनी बायकोला फोनवर एक गोष्ट आणखी सांगितली होती. मुलीला येतं सगळं, पण ती बरोबर उत्तर लिहिते आणि मग खोडते. पेपरात तिने तीन ठिकाणी बरोबर उत्तरं खोडून त्यांच्या शेजारी चुकीची लिहिली होती. बायको म्हणाली, शिकवणी लावू. मी म्हणालो, शिकवणी कशाला, मी आहे ना. त्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. गळका नळ मी स्वतः दुरुस्त करतो असं म्हटलं की ती असंच पाहते, आणि मग खालचा पाण्याचा कॉक बंद करून ठेवते. या वेळी बंद करण्यासारखं काही नव्हतं. शिवाय तिला शनिवारी सकाळीच बहिणीकडे जायचं होतं, ती रविवारी संध्याकाळी परत येणार होती. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, तिला बोलू द्या थोडं."

मला हा सल्ला अनाठायी वाटला. मी विमा कंपनीत अर्ज तपासणी विभागाचा प्रमुख आहे. अर्जात एखादं टिंब चुकलं, जन्मतारखेतला एक आकडा तिरका पडला, तरी 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा' असा शेरा मारून मी तो परत पाठवतो. लोक खालच्या काउंटरवर माझ्या नावाने बोटं मोडतात. कार्यालयात मला पाठीमागे त्रुटीसाहेब म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं. असा माणूस घरात असताना शिकवणी म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणं.

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. प्रश्न असा होता: दोन क्ष अधिक य बरोबर सहा, आणि य बरोबर क्ष, या दोन समीकरणांच्या रेषा कुठे भेटतात ते आलेख काढून दाखवा. घरात आलेखाचा कागद नव्हता. खाली स्टेशनरीवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, कालच संपले, सगळ्या शाळेची चाचणी आहे. परत येताना दारात माझी नजर हॉलच्या फरशीवर गेली. चौकोनी, एकसारख्या, ओळीत बसवलेल्या फरश्या. इतकी वर्षं आम्ही आलेखाच्या कागदावर राहत होतो आणि त्यावर चपला काढत होतो. मला इतका आनंद झाला की मी दारातच लेकीला हाक मारली.

स्वयंपाकघराच्या दाराजवळचा कोपरा मी आरंभबिंदू ठरवला. तिथून उजवीकडे भिंतीच्या कडेने क्ष-अक्ष, आणि समोर मुख्य दाराकडे जाणारा य-अक्ष. क्ष म्हणजे उजवीकडे किती फरश्या, य म्हणजे पुढे किती फरश्या; लहान मुलालाही कळेल. मग माझी वेताची खुर्ची आणून मी आरंभबिंदूपासून जवळच, सगळीकडे लक्ष राहील अशी ठेवली. शिकवणाऱ्याला बसायला नेमकी जागा हवी. जागा नेमकी होती, हे पुढे सिद्ध झालं.

आता आलेख काढण्याआधी समीकरण नीट मांडून घ्यावं लागतं. म्हणजे य-ला एका बाजूला एकटं ठेवायचं आणि त्याच्या शेजारच्यांना बरोबरच्या चिन्हापलीकडे धाडायचं. मी लेकीच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, य बरोबर सहा अधिक दोन क्ष, आणि खाली दोन रेघा मारल्या. कार्यालयात मी मंजुरीखाली अशा दोन रेघा मारतो.

"बाबा, पण ते," लेक म्हणाली.

मी हात वर केला. आधी रेषा पूर्ण होऊ दे, शंका शेवटी. तिने पेन्सिलीचं टोक चावलं. बायकोचा सल्ला मला त्या वेळी आठवला नाही, तो रविवारी आठवला.

क्ष शून्य, तर य सहा: हा बिंदू शोकेसच्या पायाशी आला. क्ष एक, तर य आठ: हा पायपुसण्यावर. क्ष दोन, तर य दहा. इथे पहिली अडचण आली. आमचा हॉल नऊ फरश्यांचा आहे, आणि दहावी फरशी घरात नव्हतीच. रेषा सरळ मुख्य दारातून बाहेर निघाली होती. दुसरा एखादा तिथेच थांबला असता. पण रेषा ही दोन्ही बाजूंना अमर्याद असते, ती आमच्या दारापाशी चपला घालून थांबणार नाही, हे मी लेकीला बजावून सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिची नजर वहीवरच होती.

दुसरी रेषा सोपी. य बरोबर क्ष म्हणजे एक उजवीकडे एक पुढे, दोन उजवीकडे दोन पुढे. ती तिरकी खिडकीकडे गेली. वाटेत माझी खुर्ची होती, तेव्हा मी रेषा खुर्चीच्या अलीकडे थांबवून पलीकडून पुन्हा सुरू केली. शिकवताना खुर्ची हलवणं बरं दिसत नाही.

खडूचा पहिला आलेख तासभरही टिकला नाही. मी मागेपुढे फिरत शिकवत होतो, त्यामुळे य-अक्ष माझ्या टाचांना लागून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याजवळ संपला. एवढ्यात शिवणवाल्या ताई बाहीचं माप घ्यायला लेकीला बोलवायला आल्या. त्यांनी फरशी पाहिली, मला पाहिलं, आणि विचारलं की वहिनी कधी येणार आहेत. मग सगळं ऐकून म्हणाल्या की सरळ रेषेला खडू नाही, दोरा लागतो. आम्ही जन्मभर तेच करतो. त्यांनी वरून जाड दोऱ्याचं रीळ आणून दिलं. शोकेसच्या पायाला एक टोक बांधून मी दोरा पायपुसण्यावरून दाराबाहेर काढला, मधल्या मोकळ्या जागेतून नेला, आणि मोजत मोजत जिथे क्ष तीन, य बारा आलं तिथे थांबलो. तो समोरच्या काकांचा उंबरठा होता. मी त्यांच्या दाराच्या कडीला दोरा बांधला आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. रेषा बाणासारखी सरळ होती. तेवढ्यात काकांनी दार उघडलं.

काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या वाटेत कोणी दोरा बांधेल याची त्यांना कल्पना नव्हती. दार आत ओढलं गेलं, दोरा ताणला गेला, शोकेस हललं, आणि आतल्या कपबशा एकमेकींवर आपटत राहिल्या. काका अडखळून माझ्या खांद्यावर आले. त्यांचा चष्मा जिन्यातून खाली गेला आणि सचिवांच्या दारात थांबला. सचिव तळमजल्यावर राहतात. पुढचं सगळं या एका चष्म्यामुळे झालं असं माझं मत आहे.

काका चिडतील असं मला वाटलं होतं, पण झालं भलतंच. लेकीच्या गणितासाठी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही मोजायला बोलावलं नव्हतं. ते आतून फीत घेऊन आले, माझं मोजमाप पुन्हा केलं, ते बरोबर निघालं, आणि त्यांनी मला सांगितलं की दोरा, खडू ही कच्ची कामं आहेत. हद्दीच्या खुणा कायमस्वरूपी असाव्यात, नियमच आहे तसा. त्यावर मला गॅलरीच्या कठड्याला लावून उरलेला लाल ऑइल पेंटचा डबा आठवला. तो मला कोणी आठवू दिला नसता तर बरं झालं असतं.

दुपारी मी गुडघ्यांवर बसून रंगवत होतो आणि काका पाठीमागे उभे राहून पट्टी धरत होते. लेक अधूनमधून येऊन म्हणायची, बाबा एक सांगू का, आणि आम्ही दोघे मिळून म्हणायचो, रंग ओला आहे, तिथेच थांब. रेषा दारातून बाहेर पडून काकांच्या उंबरठ्यापर्यंत आली तेव्हा सूर्य मावळत होता आणि सचिव चष्मा परत द्यायला वर येत होते.

सचिव शांत माणूस आहेत. ते रेषेवर पाय न ठेवता तिच्या कडेकडेने आले, चष्मा दिला, आणि म्हणाले की सामाईक जागेत कोणतंही रेखांकन करायचं तर समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्जाचा नमुना त्यांच्या खिशात होता. असा नमुना खिशात घेऊन फिरणारा माणूस पाहून मला एरवी गहिवरून आलं असतं.

रविवारी सकाळी मी अर्ज भरला. असा अर्ज गेल्या कित्येक वर्षांत त्या समितीकडे गेला नसेल. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. तासाभरात तो परत आला. रेखांकनाचे प्रयोजन या रकान्यात मी 'आलेख' लिहिलं होतं, ते त्यांना चाललं. पण रेषेची एकूण लांबी या रकान्यात मी 'अमर्याद' लिहिलं होतं, आणि त्याखाली लाल शाईने शेरा होता: त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.

तो शेरा मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर मारत आलो. तो आपल्या अर्जावर कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. मी खाली गेलो आणि सचिवांना समजावलं की रेषेला लांबी नसते, ती दोन्ही बाजूंना कुठेच थांबत नाही. ते म्हणाले, मग ती कोणाकोणाच्या घरातून जाणार आहे त्या सगळ्यांची संमतीपत्रं जोडा. मी विचारलं, किती लोकांची? ते म्हणाले, ते तुमच्या रेषेवर आहे.

पहिली संमती काकांची. आणि इथे काकांमधला खात्याचा माणूस जागा झाला. रेषा त्यांच्या उंबरठ्यापर्यंत होती तोवर ते माझे सहकारी होते. ती आत शिरणार म्हटल्यावर ते हद्दीचे मालक झाले. त्यांचं म्हणणं होतं की आज रेषा येईल, उद्या रेषेवरून तुम्ही याल, आणि दहा वर्षांनी म्हणाल की इथून माझी वहिवाट आहे. मी लेखी दिलं की माझा, माझ्या वारसांचा किंवा माझ्या क्ष-चा त्यांच्या हॉलवर कोणताही हक्क राहणार नाही. काकांनी ते दोनदा वाचलं आणि वारसांच्या जागी लेकीची वेगळी सही मागितली. तिने सही केली. दोन दिवसांत तिने फेरचाचणीसाठी केलेलं ते एकमेव लेखी काम होतं. पण आता मागे फिरणं म्हणजे सगळ्या जिन्यासमोर नाक कापून घेणं. रेषा भेटल्या की सगळं सार्थकी लागणार होतं.

त्यांच्या हॉलात रंग लावायला काकूंनी साफ नकार दिला, म्हणून आत पुन्हा दोरा. क्ष चार, य चौदा: त्यांच्या सोफ्याची पाठ. सोफा सरकवला. क्ष पाच, य सोळा: त्यांचं पुस्तकांचं कपाट. ते सरकवायला शिवणवाल्या ताईंना आणि सचिवांनाही हात लावावा लागला, आणि कपाटामागून काकूंना तीन वर्षांपूर्वी हरवलेला चमचा सापडला. कपाटामागे भिंत होती. भिंतीमागे आकाश होतं. मी दोऱ्याचं टोक भिंतीला टेकवून उभा होतो, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो की दुसरी रेषा आता कुठल्याही क्षणी येईल. तेव्हाच जिन्यात बायकोचा आवाज आला. तिने विचारलं की आपल्या दारात हे लाल काय आहे.

ती पिशवी घेऊन तशीच रेषेवरून चालत काकांच्या हॉलात आली. मी दोरा सोडला नाही. ती लेकीकडे वळली आणि म्हणाली, "तू सांग."

लेक पेन्सिल हातात धरून सोफ्याच्या मागे उभी होती. "या रेषा इथे भेटणारच नाहीत," ती म्हणाली. "पुढे गेलं की त्या लांबच जातायत. मी कालपासून सांगतेय."

मी तिला विचारलं, मग कुठे भेटतात? ती म्हणाली, घरी चला.

आम्ही सगळे वरात निघाल्यासारखे लाल रेषेवरून परत आमच्या हॉलात आलो. माझे गुडघे भरून आले होते. मी वेताच्या खुर्चीत बसलो. लेकीने वही उघडून माझ्या दोन रेघा मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली की दोन क्ष पलीकडे नेलं तेव्हा चिन्ह बदलायचं राहिलं. या बाजूला अधिक असेल तर त्या बाजूला वजा. य बरोबर सहा वजा दोन क्ष. ती हे सगळ्यांसमोर म्हणाली, पण वर मान करून नाही. मी वहीकडे पाहिलं. जन्मतारखेतला तिरका आकडा ज्याला दुरून दिसतो त्या माणसाने एवढं मोठं अधिकचं चिन्ह दोन दिवस पाहिलं होतं, त्याखाली रेघा मारल्या होत्या आणि मग दोन घरांचं फर्निचर हलवलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा घेणार का असं मी सचिवांना विचारलं.

लेकीने ओट्यावरचा खडू आणला. क्ष शून्य, य सहा: तोच शोकेसचा पाय. क्ष एक, य चार: टीपॉयच्या अलीकडे. रेषा आता दाराकडे न जाता उलटी फिरून आमच्याकडे येत होती. ती वाकून खडू ओढत माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

"बाबा, जरा उठता का?"

मी उठलो. तिने खुर्ची बाजूला केली. दोन फरश्या उजवीकडे, दोन फरश्या पुढे. जिथे मी शनिवारपासून बसून शिकवत होतो त्या फरशीच्या सांध्यावर तिने फुली मारली. य बरोबर क्ष ही रेषाही तिथूनच जात होती, फक्त तेवढा तुकडा मी माझ्या खुर्चीसाठी सोडून दिला होता. शिवणवाल्या ताई म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. काका फीत काढून मोजायला लागले आणि काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली.

मी तोंड उघडलं. कार्यालयात मी प्रत्येकाला जे विचारतो आणि घरातही रोज विचारतो, तेच विचारणार होतो, नक्की ना. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. लेक फुलीकडे बघत उभी होती, तिचा खडूचा हात अर्धा खाली आला होता, पुसायला निघाल्यासारखा. कोणीच काही विचारलं नाही. हात तिथेच थांबला. मग तिने वहीतल्या माझ्या ओळीखाली काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं: त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा. सचिव इतके हसले की त्यांना बसायला माझी खुर्ची द्यावी लागली.

फेरचाचणीत ती पास झाली. फार मोठे गुण नाहीत, पण गणित राहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते मला इतकं जड गेलं की मी उगाच दोनदा कचरा टाकून आलो. शेवटी तीच म्हणाली की एक उत्तर लिहिल्यावर तिला ते खोडावंसं वाटलं, रबर हातात घेतलं होतं. मग तिला जिन्यातली लाल रेषा आठवली. एवढी चुकीची रेषा कोणी खोडली नाही, मग आपली बरोबर कशाला खोडायची, असं तिला वाटलं.

ती रेषा अजून आहे. टर्पेंटाइनने फिकी झाली, गेली नाही. नवीन पाहुणा आला की तो तिच्यावरून चालत सरळ काकांकडे जातो, आणि काका त्याला माझ्याकडे परत पाठवताना सगळी हकीकत सांगतात. समितीने माझा अर्ज नाकारलेलाही नाही. लांबीचा रकाना भरून दिला की विचार होईल असं आहे.

परवा मी कार्यालयातून आलो तर लेक हॉलात गुडघ्यांवर बसलेली. उरलेल्या लाल रंगाच्या डब्यात तिने बोट बुडवलं होतं आणि त्या सांध्यावर, दोन उजवीकडे दोन पुढे, एक ठिपका देत होती. शेजारी तिचं खोडरबर नव्हतं आणि कसलं मोजमापही नव्हतं. ऑइल पेंट म्हणजे पुन्हा निघणं नाही. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, नक्की ना?

"नक्की," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावायला मला सांगितलं. मी लावलं. वेताची खुर्ची आता खिडकीजवळ असते.